विंचवाला इंग्रजीत काय म्हणतात

हेमकांत पाटलांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत नवं असं एकच काही घडलं, आणि ते एका कोंबडीमुळे घडलं.

शाळा जिल्हा परिषदेची, गाव उंबरपाणी. शहाद्याहून निघायचं, घाट चढायचा आणि डांबर संपलं की उरलेलं अंतर मोटारसायकलीच्या मर्जीवर सोडायचं. पहिली ते चौथी मिळून सदतीस मुलं. शिक्षक दोन. त्यातले दुसरे ऑनलाइन माहिती भरायला तात्पुरते तालुक्याला गेले होते, त्याला आता तीन वर्षं झाली. त्यामुळे मुख्याध्यापक, शिक्षक, कारकून आणि शिपाई ही चारही पदं हेमकांत सरांकडे होती. यातल्या शिपायाचं काम आपल्याला बरं जमतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

पोरं घरी पावरी बोलायची, शाळा मराठीत बोलायची. सर शिकवायचे, पोरं बघायची. त्यातली रिना म्हणजे अगदी टोक. शाळा समितीचा अध्यक्ष उदेसिंग याची ही मुलगी पहिलीचं आख्खं वर्ष तोंड न उघडता बसली होती. तिच्या प्रगतिपत्रकात सरांनी 'अबोल' असा शेरा मारला होता आणि त्यांच्या मते तो सौम्य होता.

गेल्या जूनमध्ये एका सकाळी त्यांनी तक्त्यावरच्या कोंबडीवर छडी ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे?"

वर्ग गप्प. खिचडीचे तांदूळ निवडत फुलीबाई दारात बसली होती. पोषण आहार शिजवणाऱ्या या बाईला सरांची दया आली असावी. ती पोरांकडे बघून नुसती म्हणाली, "कुकडी."

वर्गात जे काही उसळलं ते सरांनी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि रिना उभी राहिली. ती पाच मिनिटं बोलत होती. हातवारे, डोळे, मध्येच एक उडी. फुलीबाईने नंतर सांगितलं की तिच्या घरी सात कोंबड्या, एक रानमांजराने नेली, आणि ती कशी नेली तेच ती करून दाखवत होती. सरांना शब्द एक कळला नाही. पण ही मुलगी अबोल नाही, एवढं कळलं. त्यांनी प्रगतिपत्रक काढून शेरा खोडला. खोडताना त्यांना उगाच लहानपणीची रनाळ्याची शाळा आठवली. तिथे अहिराणीत 'मन्हं नाव हेमकांत शे' म्हटल्याबद्दल त्यांना दुपारपर्यंत बाकावर उभं केलं होतं. असो. ती आठवण सांगायला लागलो तर ते अजून बाकावरून उतरायचे नाहीत.

मग फुलीबाई शब्द सांगायची आणि सर लिहायचे. एका बाजूला पावरी, समोर मराठी. ऑगस्टपर्यंत भिंतीवर दोनशे चाळीस शब्द झाले. पोरं पावरीवरून मराठीवर उड्या मारू लागली. सरांचे पावरी उच्चार ऐकून हसू लागली, आणि हसणारं पोर शिकतं हे सरांना पहिल्यांदाच समजलं.

इथवर सगळं बरं चाललं होतं. म्हणजे आता ते बिघडायला हवं होतं.

शहाद्याच्या कॉलनीत सरांच्या शेजारी चुनीलाल अप्पा राहायचे. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ हाती घेतलं होतं. ते कुंपणावरून म्हणाले, "हेमकांत, मन्हं आयक. तेस्ले तेस्नी भाषा येसच ना? मंग तू काय शिकाडी ऱ्हायना? ज्याले पव्हता येस त्याले पानी दखाडानं का?"

"अप्पा, त्या भाषातून मराठी शिकाडस मी."

"मराठी शिकीसन बी काय भेटी? आते इंग्रजी शिवाय काही खरं नही. मन्हा नातू शे ना भाग्येश, पुनाले. घरमां बी इंग्रजीच बोलस. मले काहीच समजत नही." अप्पांनी कुंपणावर हात टेकला. "फोनवर दोन मिनिट बोलस, मंग तो बी गप, मी बी गप. पन काय बोलस भो तो!"

घरात बायको रोहिणी. ती नवऱ्याशी अहिराणीत भांडायची, शेजारणींशी मराठीत गोड बोलायची आणि मुलगी काजलशी इंग्रजीत बोलायची. काजल शहाद्याच्या एका इंग्रजी शाळेत तिसरीत होती. "पोरेस्ना शब्द गोया करी ऱ्हायनात," रोहिणी म्हणाली, "आनि काजलना होमवर्क कोन दखी? मन्हं इंग्रजी पाचवा धडालोंगच पुरस." सरांचं स्वतःचं चौथ्या धड्यातच दमत असे.

खरी गडबड केली ती केंद्रप्रमुखांनी, आणि तीही कौतुकाच्या भरात. राजेंद्र भामरे नावाचे हे गृहस्थ भिंत बघून इतके खूश झाले की म्हणाले, "सर, हा नवोपक्रम आहे. पोर्टलवर नोंदवा. नोंद नाही म्हणजे उपक्रम नाही."

नोंदवायचं म्हणजे अर्ज भरायचा. अर्जात रकाना होता : 'विद्यार्थ्यांची मातृभाषा'. त्यावर बोट ठेवलं की यादी उघडायची. मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, आणि शेवटी 'इतर'. पावरी नव्हती. सरांनी यादी वरून खाली आणि खालून वर अशी दोन्हीकडून शोधली. घाटातल्या एका वळणावर नेट यायचं, तिथे मोटारसायकल उभी करून ते हे करत होते. जाणारे-येणारे वाहनवाले त्यांना गाडी बंद पडली का विचारत होते.

त्यांनी भामरेंना फोन लावला. भामरे म्हणाले, "इतर टाका हो. कोण बघतंय?"

सरकारी कामात हे वाक्य कधीच उच्चारू नये. सरांनी सदतीस वेळा 'इतर' टाकलं. पंधरा दिवसांनी शाळेच्या दारात एक खोकं आलं. त्यात सदतीस कोरी करकरीत पाठ्यपुस्तकं होती. कानडी.

हा निर्णय कुठल्या टेबलावर झाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. फुलीबाईला ती अक्षरं फार आवडली. गोल गोल, जिलेबीसारखी. रिनाने एक पुस्तक उलटं धरून वाचून दाखवलं. सरांनी पुस्तकं परत पाठवायचं पत्र लिहिलं. उत्तर आलं की प्राप्त पुस्तकांची पोच आधी द्यावी. पोच दिली. उत्तर आलं की पोच दिली त्याअर्थी मागणी होती. मग परत का करता, याचा खुलासा करावा. सरांनी तीन पानी खुलासा लिहिला. त्यात पावरी म्हणजे काय, सातपुडा कुठे आहे आणि कर्नाटक कुठे आहे, हे सगळं सविस्तर मांडलं. खुलासा चांगला उतरला असावा, कारण तो थेट वरच्या साहेबांपर्यंत गेला.

साहेबांनी एका ओळीत निकाल लावला. भाषांचा घोळ असलेल्या शाळांमध्ये पूर्ण इंग्रजी वातावरणाचा प्रयोग करावा, सुरुवात उंबरपाणीपासून.

भामरे आदेश घेऊन आले तेव्हा त्यांना सरांकडे नीट बघवत नव्हतं. "आठवड्याने साहेब स्वतः येतायत. रोज अकरा ते बारा फक्त इंग्रजी. भिंत तेवढी झाका."

"आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याने?"

"त्याने गप्प बसायचं. काही शाळांत पाटी अडकवतात गळ्यात. मी तसं म्हणत नाही," भामरे घाईने म्हणाले.

सरांनी पाटीला ठाम नकार दिला. त्यांना त्याचा अभिमानही वाटला. पाटीऐवजी त्यांनी तोंडावर बोट ठेवायचा नियम केला. इंग्रजी आलं तर बोला, नाही आलं तर तोंडावर बोट. आठ दिवस त्यांनी तीन वाक्यं घोटून घेतली : माय नेम इज अमुक, मे आय कम इन सर, थँक यू सर. उरलेला तास सदतीस पोरं तोंडावर बोट ठेवून बसायची. दोन दिवसांनी बोट काढायला सांगितलं तरी ती निघेनात. तीन दिवसांनी पोरं खिचडीच्या रांगेतही गप्प राहू लागली. फुलीबाई सरांना म्हणाली, "पोरं आजारी हाय का?" सर म्हणाले, "नाही, इंग्रजी चाललंय." तिने भिंतीवरच्या शब्दांवर स्वतःच्या हाताने गोणपाट लावलं. खिळा मारायला दुसरं कुणी नव्हतं.

साहेब आले. बरोबर भामरे आणि मोबाइलवर चित्रण करणारा एकजण. उदेसिंग धुतलेला शर्ट घालून मागे उभा होता. पोरं शांत बसली होती. साहेब म्हणाले, "वा! शिस्त आहे."

एकेका पोराने उठून नाव सांगितलं. मग साहेबांना चित्रं बघायची होती. चित्रांची कार्डं कपाटाच्या वरच्या खणात होती. हेमकांत सर कपाटाकडे वळले.

तेवढ्यात रिनाने हात वर केला.

साहेब कौतुकाने म्हणाले, "यस, बेटा? पण इंग्रजीत हं. इन इंग्लिश."

रिना उभी राहिली. तिचे डोळे कपाटावर होते. तिने तोंड उघडलं, मिटलं. मग तिच्याजवळ होतं त्यातलं एक वाक्य तिने काढलं. "मे आय कम इन, सर?"

साहेब मनापासून हसले. "बेटा, तू तर आतच आहेस!"

रिनाने एकदा सरांकडे पाहिलं. पुन्हा म्हणाली, आता मोठ्याने, जवळजवळ रडवेली होऊन, "मे आय कम इन, सर!"

"व्हेरी गुड. सिट डाऊन."

"थँक यू, सर," रिना म्हणाली आणि खाली बसली.

हेमकांत सरांनी खणात हात घातला.

विंचू तांबडा होता. हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी त्यांना रंग दिसला नाही. त्यांच्या तोंडून जे निघालं ते मराठी नव्हतं आणि इंग्रजी तर नव्हतंच. रनाळ्याच्या शाळेत ज्या भाषेबद्दल त्यांना बाकावर उभं केलं होतं त्याच भाषेत त्यांनी आपल्या आईला हाक मारली. मोबाइलवाल्याने चित्रण थांबवलं. सदतीस पोरं तोंडावर बोट ठेवून बघत होती. मग एकदमच सगळी बोटं निघाली आणि वर्ग पावरीत ओरडू लागला. पोरांनी तो विंचू सकाळी वर्ग झाडतानाच कपाटात शिरताना पाहिला होता, सदतीसच्या सदतीसांनी.

साहेबांची गाडी होती, पण साहेबांना पुढच्या शाळेत वेळेवर पोचायचं होतं. उदेसिंगने सरांना मोटारसायकलवर मागे बसवलं, आपल्या पंच्याने स्वतःशी बांधून घेतलं आणि ग्रामीण रुग्णालय गाठलं. वाटेत सर कण्हत होते. उदेसिंग एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, झोपू नका." रुग्णालयात सुई दिली, सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. उजवा हात कोपरापर्यंत सुजून दुधीभोपळ्यासारखा झाला होता.

चुनीलाल अप्पा बघायला आले. हात निरखून म्हणाले, "मी सांगेल व्हतं ना, या भाषास्ना नादमां पडू नको." विंचवाचा आणि भाषेचा संबंध अप्पांना नेमका कसा लागला ते विचारायची ताकद सरांत नव्हती. शिवाय संबंध होताच.

तिसऱ्या दिवशी भामरेंचा फोन आला. साहेबांनी अहवालात लिहिलं होतं की वातावरण निर्मिती उत्तम, शिस्त उल्लेखनीय. पूर्ण दिवस इंग्रजी सुरू करायला मान्यता आहे. फक्त शाळा समितीचा ठराव हवा. शनिवारपर्यंत.

या वेळी मात्र हेमकांत सर पेटले. समितीत विरोध करायचा, ठराव नामंजूर करून घ्यायचा आणि वर पाठवायचा, असं त्यांनी ठरवलं. रोहिणी म्हणाली, "बदली करी टाकतीन, आनि तेबी हाऊ असा हात लिसन." पण तिने त्यांचा सदरा डाव्या बाजूने घालून दिला, आणि मोटारसायकल चालवता येणार नव्हती म्हणून जीपवाल्याला सांगून ठेवलं.

शनिवारी शाळेत तीस-पस्तीस माणसं जमली. उदेसिंग, त्याची बायको कालीबाई, म्हातारा आमशा, बाकीचे आईबाप. पोरांना बाहेर पिटाळलं होतं. सरांनी पाऊण तास मराठीत भाषण केलं. मातृभाषेतून शिक्षणाचं महत्त्व, बालमनाची जडणघडण, आकलन. भाषण इतकं चांगलं झालं की ते त्यांना स्वतःलाच नव्याने पटलं. समोर मात्र हालचाल नव्हती. सगळे आदराने ऐकत होते. पोरं बसायची तसे.

फुलीबाईच शेवटी म्हणाली, "सर, पोरांना सांगता तसं सांगा की. आमच्यात."

सरांनी पावरीत सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात 'मातृभाषा' आली. तिला शब्द सापडेना म्हणून त्यांनी शब्दाला शब्द लावला आणि भर सभेत सांगितलं की पोराला आईची जीभ दिली पाहिजे. कालीबाईने घाबरून तोंडावर हात ठेवला. मग जे हसू फुटलं ते थांबेना. आमशा म्हातारा डोळे पुसत होता. सरही हसले. मग ते पुढे बोलले, अडखळत, फुलीबाई मागून शब्द पुरवत होती. विंचवाचं सांगितलं. रिनाला ठाऊक होतं, पण बोलायची बंदी मी घातली होती, असं सांगितलं. "तिला तिच्या भाषेत बोलू दिलं असतं तर माझा हात वाचला असता. उद्या हात तिचा असेल."

आता माणसं पुढे सरकून ऐकत होती. सरांना वाटलं, जिंकलो.

उदेसिंग उठला. तोही पावरीतच बोलला, सावकाश, सरांना कळावं म्हणून. आणि सरांना शब्दन् शब्द कळला. त्या आधी त्या गावात असं कधी झालं नव्हतं.

"रिना त्या दिवशी घरी येऊन रडली," तो म्हणाला. "जेवली नाही. आईला म्हणाली, मला विंचवाचं इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सरांना चावला. तुम्ही म्हणता, त्यासाठीच आपली भाषा ठेवा. मी म्हणतो, त्यासाठीच इंग्रजी शिकवा. आमची भाषा घरात आहे, ती कुठे जात नाही. पण आम्ही ऊसतोडीला गुजरातेत जातो, दवाखान्यात जातो, तुमच्या ऑफिसात जातो. तिथे आमच्या भाषेत विंचू म्हटलं तर कोण हात मागे घेतो, सर? त्या साहेबाने घेतला?"

उदेसिंगने आणखी एक विचारलं.

"सर, तुमची मुलगी कुठल्या शाळेत जाते?"

मराठीत हा प्रश्न आला असता तर सरांजवळ उत्तरं होती. तिच्या आईचा आग्रह, कॉलनीतलं वातावरण, तात्पुरती सोय. पावरीत त्यांच्याजवळ दोनशे चाळीस शब्द होते आणि त्यांत यातलं काहीच नव्हतं.

"इंग्रजी," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. कुणी टोमणा मारला नाही. उदेसिंगने नुसती मान हलवली, जणू दोघं एकाच बाजूचे निघाले, आणि तो खाली बसला. आमशाने विचारलं, "मग हात वर करायचे ना?" सगळे हात वर झाले. फुलीबाईचा सर्वांत शेवटी झाला. तिची नात पुढच्या वर्षी पहिलीत येणार होती.

ठराव सरांनाच लिहायचा होता, कारण समितीचे सचिव तेच. त्यांनी तो डाव्या हाताने लिहिला. 'संपूर्ण इंग्रजी माध्यमास सभा एकमताने मान्यता देत आहे' हे एक वाक्य लिहायला वीस मिनिटं लागली. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं. मग त्यांनी तो मराठीत वाचला, आणि कालीबाईने काय लिहिलंय विचारलं म्हणून पुन्हा पावरीत सांगितला. सगळ्यांना नीट समजलं.

ठरावाची वही फिरली. उदेसिंगने पेन मागून घेतलं आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर कोरत इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. कुणाकडून तरी तेवढं तो शिकून आला होता. बाकीच्यांनी अंगठे उमटवले. शेवटी वही सरांसमोर आली. त्यांनी पेन उजव्या हातात धरून पाहिलं. बोटं मिटत नव्हती. डाव्या हाताची सही बँकेपासून पंचायत समितीपर्यंत कुणी त्यांची म्हणून मान्य केली नसती.

फुलीबाईने शाईचा पॅड त्यांच्यापुढे सरकवला. उदेसिंगने त्यांचा डावा अंगठा हातात घेतला, शाईवर टेकवला आणि कागदावर सांभाळून दाबला.

"हलवू नका, सर," तो मराठीत म्हणाला. "फिसकटलं तर परत करायला लावतात."